पाच पट्ट्यांचा बूट

११ जून १९७३, सोमवार

धाकटा भाऊ सिद्राम आज आपल्या पोरीला, निंगीला, माझ्याकडे ठेवून गेला. मंद्रूपहून दुपारच्या एस.टी.नं आले दोघं. एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर पोर. नऊ वर्षांची झाली तरी अजून खांद्यावरच आणतो. मी म्हटलं, "अरे, आता बूट मिळालाय ना, चालू दे की तिला." तर म्हणाला, "सवय हाय, अक्का. माझी. तिची न्हाय."

बूट आज नीट पाहिला. काळ्या कातड्याचा, घोट्याच्या वर येणारा. दोन्ही बाजूंनी लोखंडी सळया निघून मांडीपर्यंत जातात आणि पाच पट्टे त्यांना पायाशी बांधून ठेवतात. डॉक्टर त्याला कॅलिपर म्हणतात, आम्ही बूटच म्हणतो. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, तो हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाली, "दोन शेर जवारीइतका जड असंल."

निंगीची उजवी नडगी जन्मतःच वाकडी, पुढं कमान आलेली. पहिली पावलं टाकायला लागली आणि ती मोडली. मोडलेलं हाड जुळतं असं आपण धरून चालतो. हिचं जुळेना. मोडल्या जागी दोन तुकडे हलत राहिले, जणू देवानं तिथं एक सांधा जास्तीचा दिला. खोटा सांधा, असं डॉक्टर म्हणतात. फार क्वचित एखाद्या मुलाला होतं म्हणे. एकदा कापून पाहिलं, साधलं नाही. गेल्या वर्षी मिरजेला सिद्रामच्या नडगीतून हाडाची पट्टी काढून तिच्या नडगीत बसवली. ती मात्र धरली. टाके काढून महिना होतो न होतो तो हा गडी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला.

इथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय ते उतरवून ठेवते: चालताना बूट कायम. दोन महिन्यांनी दाखवणे. आणि सिद्रामला तोंडी सांगितलंय की हे हाड पुन्हा मोडलं तर जोडत बसायचं नाही, पाय गुडघ्याखाली काढायचा. म्हणून पोर माझ्याकडे. मंद्रूपला शेताचे बांध, दगड-धोंडे, वहिनीच्या मांडीवर तान्हं. इथं दवाखाना जवळ, शाळा माझीच, आणि घरात आम्ही दोघीच बायका. अव्वा आणि मी.

दारात सिद्राम खाली बसला. पाचही पट्टे त्यानं स्वतः सोडले, बूट माझ्या चपलांशेजारी सरळ मांडला आणि पोरीचा हात धरून तिला आत आणलं. जाताना तिच्याकडे पाहिलं नाही. बुटाकडे पाहिलं.

१४ जून

निंगीला चौथीत, माझ्याच वर्गात बसवलं. माझ्या वर्गाबाहेरची चपलांची रांग सगळ्या शाळेत प्रसिद्ध आहे. बेचाळीस मुली, बेचाळीस जोड भिंतीला टाच लावून. मागच्या वर्षी तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरायच्या आधी रांगेपाशीच थांबले होते. बाकीच्या वर्गांत मुली बस्करपट्टीवर चिखल आणतात, माझ्या नाही. अठरा वर्षं नोकरी झाली, मिरवावं असं माझ्याजवळ फार काही नाही, पण ही रांग आहे.

आज रांगेच्या शेवटी निंगीचा बूट. सगळ्यांत मोठा, सळया वर उभ्या. फुला म्हणाली, "बाई, रांगेत बैल उभा राहिल्यावानी दिसतंय." सगळ्या हसल्या. निंगीही हसली. मग भिंत धरून आपल्या जागेवर जाऊन बसली.

२ जुलै

निंगी फार शिस्तीची. काही सांगावं लागत नाही. सुरुवातीला पाच पट्टे सोडायला तिला दहा मिनिटं लागायची. आता मी कुलूप काढेपर्यंत तिचे सुटलेले असतात. घरात एक हात भिंतीला लावून चालते, स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्यासुद्धा आणून देते. अव्वा खूष. "पोरगी म्हनावं अशी. पायात लोखंड हाय पन उंबऱ्याला कदी लागू दिलं न्हाय."

भिंतीला तिच्या उंचीवर हातांच्या ठशांची एक ओळ उमटलीय. पुसणार होते. राहू दिली.

७ ऑगस्ट

डॉक्टरांकडे गेलो. हाडाचा फोटो चांगला आहे. सिद्रामची पट्टी तिच्या हाडात मिसळत चाललीय, पण जोड बारीक आहे, करंगळीएवढा. विचारलं, "बूट नीट वापरते ना?" मी म्हटलं, "एक दिवस चुकवत नाही." खरंच नाही. रविवारीसुद्धा, अंगणातल्या नळावर जायचं तरी आधी बूट.

परतताना निंगी म्हणाली, "आत्या, डॉक्टर हसले म्हंजे पाय ऱ्हायला व्हय?" मी म्हटलं, "राहणारच. न राहायला काय झालं?" फार मोठ्यानं म्हणाले असेन. रस्त्यातल्या एका बाईनं वळून पाहिलं.

१३ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

संध्याकाळी अव्वानं दरवर्षीची गोष्ट सांगितली. जोडे शिवणाऱ्या एका शरणाला, शिवभक्ताला, रस्त्यात आमच्या पंथाचे थोर गुरू अण्णा भेटले. त्यानं "शरणु" म्हटलं, अण्णा उलट "शरणु शरणार्थी" म्हणाले. एका नमस्काराला दोन मिळाले, हे ऋण कसं फेडायचं? म्हणून नवरा-बायकोनं आपल्या मांडीचं कातडं काढून अण्णांसाठी जोडे शिवले. अण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. इथपर्यंत आलं की अव्वा दरवर्षी रडते आणि गोष्ट तिथंच थांबते.

निंगी उजव्या पायावर हात ठेवून ऐकत होती. झोपताना म्हणाली, "माज्या पायात पन अप्पाचं हाय." मी तिला थोपटत बसले. पोटचं मूल नसलेल्या बाईला थोपटायचा ताल जमत नाही असं वहिनी एकदा म्हणाली होती. तिला येऊन बघू दे.

१० सप्टेंबर

आजपासून चपलांच्या रांगेची मॉनिटर निंगी. मुलींना खेळायच्या सुट्टीत पळता येतं, हिला नाही. तिलाही काहीतरी मानाचं असावं असं माझ्या मनात होतं. प्रार्थनेच्या आधी दाराशी उभी राहते आणि वाकड्या चपला सरळ करते. स्वतःचा बूट सगळ्यांत आधी काढून ठेवते, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. मंद्रूपला चार दिवस राहून आलो. आल्यापासून पोर आळसावलीय. तांब्या आण म्हटलं की, "आज्जी आनंल." भिंतीजवळ बसून राहते. रांगेजवळसुद्धा आज बसूनच होती. मी जरा रागावले. मॉनिटरनं बसायचं नसतं म्हटलं. लगेच उठली.

५ नोव्हेंबर

निंगीचा सगळ्यांत वरचा पट्टा सैल झालाय, बकल धरत नाही. उद्या येडूकडे नेते. बूट त्यानंच शिवलाय. पाय हाताला थोडा गरम वाटला. थंडी पडायला लागलीय, पांघरुणात ठेवून बसत असेल.

६ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिणार आहे.

येडूचं दुकान दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. एक फळी, एक ऐरण, भिंतीवर लाकडी पायांचे साचे. साठीचा माणूस, बोलणं तोडून. मी म्हटलं, पट्टा बदलून द्या. त्यानं बूट मांडीवर उलटा घेतला आणि तळवा बघत बसला. मग सुलटा केला आणि पट्ट्यांची भोकं बघितली. पुन्हा उलटा.

"बाई, ह्यो बूट चाललाच न्हाय की."

मी म्हटलं, "रोज घालते ती."

"घालती, व्हय. भोकं बगा, फाटून करंगळी जाईल एवडी झालीत. पाच म्हैन्यांत एवडी भोकं कुनाची व्हत न्हाईत. दिवसातनं किती डाव काढती-घालती ही?"

निंगीनं बोटं मोजली. घरातून निघताना, शाळेत शिरताना, सुट्टीला जाताना, येताना, घरी आल्यावर, नळावर जाताना, देवळाशी, वाण्याकडे अव्वाबरोबर. बोटं संपली तरी मोजत होती.

"आन तळवा बगा. माज्या खुणंचा खडू अजून हाय त्येच्या कडंला." त्यानं अंगठा फिरवला, बोटाला पांढरं लागलं. "रस्त्यानं जाती तेवडाच झिजलाय. दिसभर पोरगी फिरती कुटं? घरात. शाळंत. तितं काय घालती?"

मी म्हटलं, "घरात कसा घालेल? कातडं आहे ते."

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं आणि मी ते ऐकलं.

कातड्यात जन्म गेलेल्या माणसासमोर मी ते बोलले होते. येडूनं बोटाचा खडू पुसला आणि म्हणाला, "पायाला काय ठावं, बाई, घर कुटलं आन रस्ता कुटला."

तिथून थेट दवाखान्यात. निंगीला मी उचलून नेलं. सिद्राम नेतो तसं.

७ नोव्हेंबर

फोटोत रेघ आहे. जोडाच्या खालच्या अंगाला, केसाएवढी.

डॉक्टर पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मी शाळेत मुलींवर ओरडते तसंच. "कायम म्हणजे काय, बाई? तुम्ही शिक्षिका ना?" मी उभी राहून ऐकलं. घरातलं चालणं हेही चालणं असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अव्वाच्या नाही, सिद्रामच्या नाही. आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही तसं केलं असतं की नाही, हे ठाऊक नाही. पण आम्हाला प्रश्नच पडला नाही. दाराशी आलं की पायातलं काढायचं. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

डॉक्टरांनाही विचारायचं सुचलं नाही. तेही घरी गेल्यावर दाराशीच काढत असणार. मी हे त्यांना बोलून दाखवलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, मांडीपासून तीन महिने प्लास्टर. फेब्रुवारीत फोटो. रेघ बुजली तर बूट, नाहीतर पाय काढायचा, पुण्याला लाकडी पाय चांगले करतात.

निंगीला विचारलं, कधीपासून दुखत होतं? "दिवाळीच्या आदीपासून." मग सांगितलं का नाही? "मॉनिटर दुसरी केली आसती."

११ नोव्हेंबर, रविवार

सिद्रामला कार्डावर 'ये' एवढंच लिहिलं होतं. आल्यावर सगळं सांगितलं. चपलांची रांग, मॉनिटर, सगळं. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही. म्हटलं, "तुझं हाड माझ्या हातून तडकलं, सिद्राम."

तो जेवत होता. घास खाली ठेवला. मग म्हणाला, "पैल्या दिवशी तुज्या दारात बूट मीच काढला हुता की, अक्का."

आणि दोन्ही पायांवरची विजार वर सरकवून डावीकडे बोट दाखवलं. उजव्या नडगीवर वीतभर लांब वण. डावी स्वच्छ. "दुसरी हाय अजून. डाक्टरला सांग."

पाणी पिऊन उठला. प्लास्टरवर टिचकी मारून पोरीला म्हणाला, "काय गं, ह्यात काय पेरलंय का?" निंगी म्हणाली, "तुमचंच हाड. उगवतंय का बगायचं." बापलेक हसत होते. अव्वा आत तोंडाला पदर लावून बसली होती.

३ डिसेंबर

मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे अर्ज दिला: निंगव्वा सिद्रामप्पा हिला वर्गात बूट घालून बसण्याची परवानगी असावी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिरिजाबाई, तुमच्या वर्गात? चपलांवरून मुलींना अंगठे धरायला लावणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग उद्या सगळ्या घालून येतील."

"येऊ देत. झाडून घेईन."

"पालक बोलतील. फळ्यावर सरस्वती काढतो आपण, तिच्यापुढं..."

मी म्हटलं, "सरस्वतीची काही हरकत असेल तर ती मला सांगेल. तुम्ही अर्जावर काय ते लिहा." माझा आवाज चढला होता का? नसावा. बाहेर शिपाईण शिवबाई मात्र दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

अर्जावर त्यांनी 'पाहू' एवढंच लिहिलं. पाहू तर पाहू.

१४ जानेवारी १९७४

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. आमची सगळी बाळीवेस पेठ तळ्याकडे लोटलीय. निंगीला प्लास्टर, म्हणून मीही गेले नाही. खिडकीतून नुसता आवाज येतो. मी वर्गातली रांग आठवत बसले. इतकी वर्षं मी काय शिकवलं? पाढे, कविता, आणि पाय कुठं ठेवायचा ते. तिसरी गोष्ट मुलींच्या सगळ्यांत पक्की लक्षात राहिली.

अव्वाला आज स्पष्ट सांगितलं की प्लास्टर निघालं की बूट घरात येईल. स्वयंपाकघरात, देवाच्या कोनाड्यापर्यंत. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

रेघ बुजतेय. "बुजली म्हणत नाही, बुजतेय म्हणतो," डॉक्टर म्हणाले. पाय इतका बारीक झालाय की येडूला सगळे पट्टे आत घ्यावे लागले. त्यानं पैसे घेतले पण बसायला पाट दिला, तो फडक्यानं पुसून. मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते..." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पोरीला चालवा." अजून काही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. पण ते मागायचा मला हक्क नाही.

टांग्यातून उतरलो. दाराशी निंगी सवयीनं खाली बसली आणि पहिल्या पट्ट्याला हात घातला.

"ऊठ," मी म्हटलं.

"आत्या, उंबरा."

"उंबरा तिथंच राहील. तू ऊठ."

ती उठली. लोखंड शहाबादी फरशीवर वाजलं. अव्वा कोनाड्यापुढं विभूती लावून बसली होती. आवाज ऐकला, वळली नाही. पूजा आटोपली, उठली आणि म्हणाली, "गिरिजे, ह्या चुलीवरचं मी खानार न्हाय आता." आणि खरंच, रात्री एक केळं खाऊन झोपली.

१३ फेब्रुवारी

अव्वा सकाळपासून दुधावर. वय अडुसष्ट. मी भाकरीचं ताट तिच्यासमोर ठेवलं, तिनं सरकवलं. मी म्हटलं, "दर श्रावणात गोष्ट सांगून रडतेस ती कशाला मग? त्या शरणाचं कातडं चालतं आणि येडूचं नाही?" अव्वा म्हणाली, "ती गोष्ट हाय. हे घर हाय."

मीही जेवले नाही. मायलेकी दोन खोल्यांत दोन भिंतींकडे तोंडं करून. मी वाकणार नाही. तिला काही झालं तर मी स्वतःला काय सांगणार आहे, हे मात्र मला माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

शाळेतून साडेपाचला घरी आले तर निंगी दाराबाहेर उभी. भिंतीला पाठ, बूट पायात. शेजारच्या निंबाची पानं तिच्या केसांवर पडलेली. सोमवारपासून तिला शाळेत न्यायचं होतं, तोवर दिवसभर ती अव्वाजवळ.

"कधीपासून उभी आहेस?"

"मिलचा भोंगा झाला तवापासनं."

म्हणजे अडीच तास. आत चल म्हटलं.

"न्हाय. बूट काढनार न्हाय, तुमी काढू नको म्हनला. आन आत बी येनार न्हाय. आज्जी उपाशी मरंल."

मी तिला उचलायला वाकले. तिनं माझा हात झटकला. असं तिनं मला कधी झटकलं नव्हतं. आत अव्वा उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर बसलेली दिसली. तीही केव्हापासून बसली असेल देव जाणे. दोघींच्या मधे लाकडाची एक पट्टी, चार बोटं उंच.

निंगी तिच्याशीच बोलत होती. माझ्या येण्यानं अडलं होतं ते पुढं सुरू केलं. "सांग की, आज्जी. अण्णांनी जोडे डोक्यावर घेतले. मग म्होरं काय केलं?"

"सांगितलंय तुला."

"फुडचं न्हाय सांगितलं. तू हितंच रडतीस."

अव्वा म्हणाली, "परत दिले. अशे जोडे पायात घालायची आपली योग्यता न्हाय म्हनून परत दिले त्या शरणाला."

निंगीनं विचार केला. "मग मी पन परत देऊ का? येडूमामाला?"

अव्वानं मान वर केली.

"बूट देते. आन अप्पाचं हाड अप्पाला देते. डाक्टर काढून देतील."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. गणित घातल्यावर उत्तर सांगावं तसं म्हटलं. मी मधे काहीतरी बोलणार होते, अव्वानं हात वर करून मला गप्प केलं. मग भिंतीला धरून उठली. निंगीच्या हातांचे ठसे होते तिथंच तिचा हात पडला. उंबऱ्यापाशी आली, निंगीच्या केसांतली निंबाची पानं काढली, एकेक.

"ओळग बा," म्हणाली. आत ये. अव्वा अगदी मनातलं बोलायची झाली की कानडीत बोलते. मी लहान असताना मला अशी हाक मारायची.

निंगी म्हणाली, "जेवनार?"

"तू आत आल्याबिगर कशी जेवू?"

बूट आत आला. ठक, ठक. अव्वा तिच्या मागून ओल्या फडक्यानं फरशी पुसत गेली, ते तिनं सोडलं नाही. पुसू दे. मग तिघी जेवलो. कडक भाकरी, शेंगाचटणी. अव्वानं दोन खाल्ल्या आणि तिसरीचा चतकोर मागितला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी अजून 'पाहू'च्या पुढं काही लिहिलेलं नाही. आम्ही गेलो. वर्गाच्या दाराशी बेचाळीस मुली थांबल्या होत्या. निंगी बूट घालून आत शिरली आणि बस्करपट्टीच्या टोकाला सळई लांब करून बसली. फुला म्हणाली, "बाई, बैल आत आला." मी म्हटलं, "आता रोज येणार. सरकून बस, त्याला जागा दे." फुला सरकली.

दहा वाजता मोठ्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बुटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी साताचा पाढा अर्ध्यावर सोडला नाही. पाढा संपला तेव्हा दार रिकामं होतं.

मॉनिटर निंगीच आहे. आतून बसून सांगते कुणाची वाकडी आहे ते. रांगेचा मला पूर्वीसारखा अभिमान वाटत नाही, पण मोडावी असंही वाटत नाही. आज तिच्यात एक जागा रिकामी होती. ती मी भरू दिली नाही.

२३ एप्रिल

दोन पालक येऊन गेले. एकानं सरळ विचारलं, "आमच्या पोरीनं लोखंडाशेजारी का बसायचं?" मी म्हटलं, "तुमची फुलाच तिच्याशेजारी बसायला भांडते, तिला विचारा." विचारायला गेले ते परत आले नाहीत. परीक्षा झाली. निंगी वर्गात तिसरी. गणितात पहिली.

९ जुलै, मंगळवार

सकाळी फोटो. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि मला बोलावलं. रेघ मला सापडेना. तेही शोधत होते. "सोळा-सतराची होईपर्यंत हा बूट राहणार, बाई. मधेच पुन्हा मोडूही शकतं. मी वचन देत नाही."

मी म्हटलं, "वचन कोण मागतंय? पुढची तारीख द्या."

तिथून येडूकडे. बूट आखूड झालाय, पोरगी वाढलीय. येडूनं तो मांडीवर उलटा घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, त्या दिवशीसारखीच. टाच एका बाजूनं पार गेलेली, चवड्याखाली भोक पडायला आलेलं, खिळ्यांची डोकी घासून चकाकत होती. त्यानं भोकांवरून बोट फिरवलं. पट्ट्यांची भोकं जशीच्या तशी, घट्ट.

"आता चालला," येडू म्हणाला. आणि पहिल्यांदा हसला. त्याचे पुढचे दोन दात नाहीत हे मला आज कळलं.

तळवा उचकटून त्यानं बाजूच्या ढिगात टाकला. मी म्हटलं, "तो मला द्या."

"ह्यो? झिजका? काय करनार, बाई?"

"ठेवणार."

"कुटं?"

निंगी पाटावर पाय लांब करून बसली होती. माझ्या आधी तीच म्हणाली, "घरात."